नाशिकहून सॅन स्टॉर्म घेऊन स्पोर्ट्स कारच्या मेळाव्याला जायचंय. जावं का, कसं जावं?

गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार मंडळी,

मामांची सॅन स्टॉर्म आता माझ्याकडे आली आहे. गुडघ्यांमुळे त्यांना इतक्या खाली असलेल्या गाडीत बसता-उठता येईना, आणि विकायचा विषय निघाला की त्यांचा चेहरा पडायचा. शेवटी मीच म्हटलं, मामा, मला द्या, मी सांभाळते.

ज्यांनी ही गाडी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. ही गोव्यात बनलेली दोन दारांची, दोघांपुरती स्पोर्ट्स कार. १९९८ मध्ये आली. बॉडी फायबरची, पुढे रेनॉचं ११४९ सीसीचं पेट्रोल इंजिन, ताकद साधारण ६० हॉर्सपॉवर. माझी लाल आहे, वर कापडी टप. मामांनी ती पणजीहून आणली, एमएच १५ चा नंबर करून घेतला, आणि १५ वर्षं झाल्यावर पेठ रोडच्या आरटीओत फेरनोंदणीही वेळेवर केली. इन्शुरन्स, पीयूसी सगळं चालू आहे. रोज नाही, पण दर रविवारी मी सोमेश्वर, गंगापूर धरणापर्यंत एक फेरी मारतेच.

आता प्रश्न. मुंबईच्या स्पोर्ट्स कार मालकांच्या एका ग्रुपने पडघ्याजवळ हायवेलगत रविवारी सकाळी जमायचं ठरवलंय. कोणीतरी माझ्या गाडीचा फोटो तिथे टाकला आणि त्यांनी मला आवर्जून बोलावलं. यादी पाहिली तर पोर्शे, दोन लॅम्बोर्गिनी, बीएमडब्ल्यू झेड ४, एक ऑडी टीटी. त्यांत ६० हॉर्सपॉवरची गाडी घेऊन मी कुठे उभी राहू? मला गाडीचा अभिमान आहे, त्यात शंका नाही. पण तिथे जाऊन उपयोग काय होईल, लोक तिथे नेमकं करतात काय, हे मला खरंच जाणून घ्यायचंय.

दुसरं, इतक्या लांब मी ती कधी नेलेली नाही. बाबा म्हणतात कॉलेज रोडला फिरव, घाटात नेऊ नकोस. आणि एक बारीक गोष्ट: रात्री ब्रेक दाबला की मागचा डावा इंडिकेटर मंद पेटतो आणि त्याच बाजूचा टेललाइट अंधुक होतो. दोन इलेक्ट्रिशियननी बल्ब बदलले, फरक शून्य.

मार्गदर्शन करा.

घाटवाट (इगतपुरी)

रस्त्याचं मी सांगतो, बाकीचं जाणकार सांगतील.

समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला. त्यावरून गेलात तर कसारा घाट पूर्ण टळतो, साडेसात किलोमीटरहून लांब बोगद्यातून थेट पलीकडे. आमणे पडघ्याच्या पट्ट्यातच येतं. रस्ता अप्रतिम आहे. पण जुनी गाडी पहिल्यांदाच लांब नेताना मी तो सुचवणार नाही. तिथे गाडी बंद पडली तर आजूबाजूला ना टपरी ना गॅरेज, मदत येईपर्यंत उभं राहायचं. शिवाय बाकीच्या गाड्या १२० च्या आसपास जात असतात, तुमची खालची छोटी गाडी ट्रेलरवाल्याला आरशात दिसायलाच वेळ लागतो.

जुन्या हायवेने जा. घोटी, इगतपुरी, कसारा, शहापूर, प्रत्येक ठिकाणी हात काळे असलेला माणूस सापडतो. घाट सुरू व्हायच्या आधी तिसरा गिअर टाका आणि इंजिनच्या जोरावर उतरा. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर खाली पोचेपर्यंत ब्रेक तापून मऊ पडतात. सकाळी लवकर निघा. येताना गाडी कशी चालली ते बघून समृद्धीने या.

धुक्याचं लक्षात ठेवा. या दिवसांत इगतपुरीला सकाळी समोरचं दिसत नाही, आणि तुमचा तो टेललाइट तोवर दुरुस्त व्हायलाच हवा.

सातपूरकर (नाशिक)

ताई, तुमची पोस्ट वाचून फार बरं वाटलं. मी सातपूरच्या कारखान्यात टूलरूमला होतो, आता निवृत्त. माझ्याकडे फियाट पॅलिओची १.६ आहे, १०० हॉर्सपॉवरची ती. ती घेऊन मी पुणे, मुंबई, कोल्हापूर, जिथे जमेल तिथे अशा मेळाव्यांना जातो. तेव्हा सविस्तर लिहितो.

आधी तुमचा दिवा. बल्ब बदलून काही होणार नाही, कारण दोष बल्बचा नाही, अर्थिंगचा आहे. पत्र्याच्या गाडीत बॉडीच परतीच्या तारेचं काम करते. बल्बहोल्डर पत्र्याला स्क्रूने आवळला की झालं. फायबरमधून वीज जात नाही. त्यामुळे फायबरच्या गाडीत प्रत्येक दिव्याला चासीपर्यंत स्वतंत्र अर्थची वायर ओढावी लागते. ती वायर जिथे बोल्टने बसवलेली असते तिथे गंज चढला की ब्रेकलाइटच्या करंटला परत जायला वाट मिळत नाही. मग तो शेजारच्या इंडिकेटरच्या आणि टेललाइटच्या फिलामेंटमधून वाट काढतो. म्हणून इंडिकेटर मंद पेटतो आणि टेललाइट अंधुक होतो. डिकीतलं अस्तर काढा, डाव्या दिव्यामागून निघणारी, बहुतेक काळी, वायर धरून तिच्या टोकापर्यंत जा. टोकाची रिंग काढून सँडपेपरने ती आणि खालचं लोखंड चकचकीत करा, नवा बोल्ट, दातेरी वॉशर, वरून थोडं ग्रीस. खात्री करायची असेल तर आधी बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक लांब वायर त्या होल्डरला टेकवून ब्रेक दाबा. दिवे जागेवर आले तर दुखणं सापडलं.

आता तुमचा मोठा प्रश्न, तिथे उपयोग काय.

पोर्शे ९११ सन १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात आली आणि आजही बनते आहे. तिच्या जुन्या मॉडेलचा पार्ट हवा असेल तर कंपनीत त्यासाठी वेगळा विभाग आहे. तुमच्या गाडीमागे असं कोणी नाही. तुमची गाडी रस्त्यावर राहणार ती फक्त मालकांच्या एकमेकांच्या ओळखीवर. कोणाकडे पुढची काच पडून आहे, कोणी बंपरचा साचा काढून ठेवलाय, कोणाच्या माळ्यावर हेडलाइट गुंडाळून ठेवलाय, हे कुठल्याही दुकानात कळत नाही. माझ्या पॅलिओची उजव्या बाजूची हेडलाइटची काच मला सांगलीच्या एका गृहस्थांकडून मिळाली. पुण्यातल्या मेळाव्यात मी बोनेट उघडून उभा होतो, ते शेजारी येऊन म्हणाले, "तुमच्या काचेला तडा गेलाय, माझ्या घरी एक आहे." पुढच्या मेळाव्याला वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आले. पैसे घ्यायला तयार होईनात, मी जबरदस्तीने दिले.

जगात सगळीकडे हे क्लब असेच टिकले आहेत. इंग्लंडमधला एमजी गाड्यांचा क्लब १९३० चा, जर्मनीतला पहिला पोर्शे क्लब १९५२ चा. त्या पोर्शे क्लबच्या वेळी तर पोर्शे गाड्याच फार थोड्या होत्या. गाडी दुर्मिळ असली की माणसं एकत्र येतातच, यावी लागतात.

म्हणून ६० हॉर्सपॉवरची चिंता सोडा. मी अनेक मेळाव्यांत पाहिलंय, महागड्या गाडीभोवती सेल्फीची गर्दी होते आणि पाच मिनिटांत पांगते. जी गाडी कोणी पूर्वी पाहिलेली नसते तिच्यापाशी माणूस वाकतो, आत डोकावतो, प्रश्न विचारतो. तुम्ही बोनेट उघडून उभ्या राहा. पोर्शेवाले स्वतः येऊन विचारतील, हे मी खात्रीने सांगतो.

इंजिनाबद्दल एक सूचना. नाशिकमध्ये रेनॉ म्हटलं की मेकॅनिकला लोगन आठवते, कारण महिंद्रा-रेनॉची लोगन २००७ पासून इथेच बनायची. तो म्हणेल, "ताई, लोगनचा टाकून देतो." टाकू देऊ नका. लोगनचं १.४ पेट्रोल इंजिन के मालिकेतलं. तुमचं ११४९ सीसीचं डी७एफ, म्हणजे डी मालिकेतलं, परदेशात ट्विंगो आणि क्लिओमध्ये असायचं ते. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, गॅस्केट मागवायचं तर ट्विंगोच्या इंजिन नंबरवरून मागवा. टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदलला याची पावती मामांकडून घ्या. पावती नसेल तर बेल्ट बदलूनच निघा. किलोमीटर कमी झालेत हे कारण पुरत नाही, रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं.

टायरचंही तेच. टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. नक्षी कितीही खोल दिसू दे, फार जुना टायर कडेला बारीक तडकलेला असतो, तो घेऊन घाट उतरायचा नाही. स्टेपनीचे आकडेही वाचा, ती बहुतेक गाडीसोबत आलेलीच असते.

पेट्रोलच्या रबरी नळ्या हाताने दाबून बघा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्या काळच्या नळ्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. कडक किंवा चिकट लागल्या की बदला. एक अग्निशामक सिलिंडर सीटमागे ठेवा. फायबर पेटलं तर विझवायला फार थोडा वेळ मिळतो.

शांतता_हवी (गंगापूर रोड)

मी गाडीवाला नाही, या धाग्यावर येण्याचं कारण वेगळं आहे. गंगापूर रोडला राहतो. आई आजारी असते. रविवारी सकाळी या 'मेळाव्यां'च्या गाड्या ज्या आवाजात जातात, त्याने ती दचकून उठते. सायलेन्सर काढून टाकलेले, सिग्नलला उभं राहून ॲक्सिलरेटर पिळायचा, मग धरणाकडे शर्यत. द्राक्षांच्या दिवसांत त्याच रस्त्याने क्रेट भरलेले ट्रॅक्टर येतात, सायकलवाले असतात. तुमचा छंद तुम्हाला लखलाभ, पण आमच्या दारातून नको. ताई, तुम्ही तशा नसाल, हे तुमच्या लिहिण्यावरून दिसतं. तरी अशा लोकांत जाऊन त्यांची संख्या वाढवू नका, एवढीच विनंती.

सातपूरकर (नाशिक)

शांतता_हवी, तुमच्या आईंना होणारा त्रास खरा आहे आणि तुमचा राग योग्य आहे.

मीही अशा एका गटातून बाहेर पडलो. तिथे गाडीची चर्चा पाच मिनिटं आणि शर्यत तासभर चालायची. कायदा स्पष्ट आहे: कंपनीने दिलेल्या मूळ नोंदींच्या विरोधात गाडीत बदल करता येत नाहीत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ तेच सांगतं, आणि सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. आवाजासाठी कलम १९०(२) आहे. आणखी एक गोष्ट तरुण मुलांना मी नेहमी सांगतो: शर्यत किंवा वेगाची चाचणी हा वापर इन्शुरन्समध्ये बसत नाही. तिथे काही झालं तर घर विकावं लागेल.

आमचे जे चार-सहा जण उरलो ते आता शहरात जमतच नाही. त्र्यंबक रस्त्याने अंजनेरीच्या पायथ्याशी जातो, मिसळ खातो, बोनेट उघडतो, परत येतो. सिग्नलला कोणी इंजिन वाढवलं तर पुढच्या वेळी त्याला बोलावणं नसतं. हा नियम तोंडी आहे पण पक्का पाळतो.

ताई, कुठल्याही ग्रुपची पारख इथेच होते. बोलावणाऱ्यांना आधी तीन गोष्टी विचारा. जागामालकाची परवानगी घेतली आहे का? गाड्या एकत्र निघणार असतील तर वेग कोण ठरवणार? आणि परत जाताना लोक कसे पांगतात? तिसऱ्याचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं, कारण धिंगाणा निघतानाच होतो. 'मजा येते, या तर खरं' एवढंच उत्तर आलं तर जाऊ नका.

गोदाकाठ (नाशिक)

सातपूरकर काका, दिवा दुरुस्त झाला!

तुम्ही सांगितलं तसं बॅटरीपासून वायर टेकवली आणि टेललाइट एकदम लख्ख. अस्तर काढलं तर वायरीची रिंग बोल्टखाली हिरवी पडून अर्धी झिजलेली होती. मामांना व्हिडिओ कॉल लावून दाखवलं, ते पलीकडून "अगं, उजव्या बाजूचीही काढ, तीही तशीच असणार" म्हणून मागे लागले. आणि होतीच. दोन्ही नव्या केल्या.

टायरचे आकडे वाचले. पुढचे दोन ठीक आहेत. मागचे बदलायला टाकलेत. स्टेपनी खरोखरच गाडीइतकी जुनी निघाली. बेल्टची पावती मामांच्या फायलीत सापडली, पण तारीख बरीच मागची आहे, त्यामुळे ट्विंगोच्या नंबरवरून नवा मागवला.

शांतता_हवी, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. माझ्या गाडीचा सायलेन्सर मूळचाच आहे आणि तसाच राहील. तुमच्या रस्त्याने मी सकाळी आठच्या आत जाणार नाही.

मुंबईच्या ग्रुपला ते तीन प्रश्न विचारले. सविस्तर उत्तर आलं: हॉटेलची लेखी परवानगी आहे, सगळे मिळून कुठे जाणार नाहीत, सुटताना पाच-पाच मिनिटांच्या अंतराने एकेक गाडी सोडतात आणि गेटवर दोन माणसं उभी असतात. मला बरं वाटलं. जायचं ठरवलं आहे.

एक शंका. कोणीतरी म्हणालं की अशा गाडीला 'व्हिंटेज'चा वेगळा नंबर मिळतो, मग फेरनोंदणीची कटकट नाही. खरं का?

घाटवाट (इगतपुरी)

नाही ताई. २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेजसाठी गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असावी लागते. तिच्या नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. आणि तो नंबर घेतला की रोजच्या वापरासाठी गाडी रस्त्यावर काढता येत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच. तुमच्या गाडीला वयच बसत नाही, आणि बसलं तरी तुमची धरणापर्यंतची रविवारची फेरी बंद होईल. दर ५ वर्षांची फेरनोंदणीच बरी.

सातपूरकर (नाशिक)

शाब्बास. उजवी बाजू उघडायला सांगणारे मामा खरे गाडीवाले आहेत. त्यांना सोबत न्या. खाली बसायला त्रास होत असेल तर माझ्या पॅलिओत बसवू, मी येतोय.

हो, मीही नाव दिलं. तुमच्या मागे राहीन म्हणजे टेललाइटवरही लक्ष राहील.

तिथे पोचल्यावरच्या दोन-चार गोष्टी. तेलाचा थेंब पडत असेल तर गाडीखाली पुठ्ठा सरकवा, हॉटेलवाल्याची फरशी खराब होऊ देऊ नका. फायबरच्या बॉडीवर कोणाला टेकू किंवा बसू देऊ नका, लहान मुलांना तर नाहीच. दाब आला की रंगाच्या थरात केसासारख्या भेगा जातात आणि त्या लांबी (पुट्टी) भरून झाकल्या तरी महिनाभरात पुन्हा वर येतात. तसं काही झालंच तर डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे न जाता अंबडला फायबरचं काम करणाऱ्याकडे न्या, तो थर घासून मॅट आणि रेझिन लावून देतो. दुसऱ्याच्या गाडीला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, दार उघडायचं नाही. फोटो काढायला सगळे हो म्हणतात, तरी विचारायचं. आणि एक वही न्या. कोणाकडे काय पार्ट आहे, कोणाचा फायबरवाला चांगला आहे, सगळं लिहून घ्या.

बक्षीस असेल तर त्याचा विचार करू नका, पण एक सांगतो. अमेरिकेत पेबल बीचला १९५० पासून भरणारं नावाजलेलं प्रदर्शन आहे, कोट्यवधींच्या गाड्या हिरवळीवर उभ्या असतात. तिथे एका गटात दोन गाड्यांची बरोबरी झाली, तर त्याच आठवड्यातली रस्त्यावरची फेरी जी गाडी पूर्ण करून आली तिला वरचा नंबर मिळतो. ट्रकवर लादून आणलेल्या गाडीला नाही. तुम्ही नाशिकहून घाट उतरून स्वतः चालवत जाणार आहात, याची किंमत तिथल्या प्रत्येक जाणकाराला कळेल.

सिंहस्थाच्या कामांमुळे शहरात बरेच रस्ते उकरलेले आहेत. तुमची गाडी खाली आहे, इंजिनाखालचं तेलाचं चेंबर घासेल. द्वारकेकडून येऊ नका, थेट पाथर्डी फाट्याला या. गतिरोधक तिरका घ्या, एकेक चाक चढवत. रविवारी सकाळी सहाला पाथर्डी फाट्याच्या पुढे डाव्या हाताच्या पेट्रोल पंपावर मी उभा असेन. टाकी शनिवारीच भरून ठेवा, म्हणजे पंपावर वेळ जाणार नाही, फक्त थंड टायरची हवा तपासू आणि निघू. घाटवाट, तुम्ही इगतपुरीला चहाला भेटणार ना?

घाटवाट (इगतपुरी)

भेटतो. सव्वासातला, स्टेशनकडे वळायच्या आधीच्या टपरीवर. धुकं जास्त असेल तर मी सहालाच मेसेज टाकतो, तासभर उशिरा निघा.